चाकावरचं घर नको, रस्ता हवा!

परवा भाची दोन दिवस राहायला आली होती. जेवणं आटोपल्यावर तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. ‘मावशी, हे बघ, गाडीतच घर!’ अमेरिकेतलं एक जोडपं. गाडी कसली, आपल्या एसटीएवढा मोठा डबाच तो. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, बेसिन आणि चक्क संडास-बाथरूम. ही दोघं न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी भागातून कार्ल्सबॅडच्या गुहा बघायला निघाली होती. दोन्ही बाजूंना नुसती माती, काटेरी झुडपं, मैलोन्‌मैल माणूस नाही.

भाची म्हणाली, ‘काय मस्त ना! तुला काय आवडलं?’

खरं सांगू? मला त्या गाडीतला संडास आवडला.

भाची खो खो हसली. पण माझ्या शेजारी बसलेली माझी जाऊ हसली नाही. तिने नुसती मान हलवली. तिला कळलं होतं मी काय म्हणतेय ते. तुम्हालाही कळलं असेल, मैत्रिणींनो.

गेल्या वर्षी आम्ही घरची सगळी मंडळी गाडी करून देवदर्शनाला गेलो होतो. पहाटे निघालो. ‘रस्त्यात गाडी कुठे थांबवणार, थोडं कमीच पाणी प्या,’ असं आम्हा बायकांना निघतानाच सांगितलं होतं. कोणी सांगितलं? आम्हीच एकमेकींना सांगितलं! पुरुषांचं काय, गाडी थांबली की रस्त्याच्या कडेला झाड आहेच. आम्ही सकाळच्या अर्ध्या कप चहावर दुपारी दोनपर्यंत तशाच बसून राहिलो. पुढच्या सीटवर गाणी चालू, मागच्या सीटवर आम्ही पाय आवळून. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जावेला थंडी वाजून ताप आला. लघवीला जळजळ, कंबर धरलेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘प्रवासात पाणी प्यायलात का?’ चार दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली बिचारीला. देव पावला असेल, पण प्रवास काही पावला नाही!

तर तो व्हिडिओ. आम्ही तो पुन्हा एकदा पाहिला आणि मला दुसरी एक गोष्ट दिसली. गाडी सुरू करण्याआधी त्या बाईच्या मांडीवर एक वही होती. पाणी किती लिटर, डिझेल कुठे मिळेल, रात्री गाडी कुठे उभी करायची, मोबाइलला रेंज कुठपर्यंत, कोणत्या दिवशी परत येणार आणि ते घरी कोणाला सांगून ठेवलंय. वाळवंटात चूक परवडत नाही, म्हणून सगळं आधी लिहिलेलं. गाडी तिचा नवरा चालवत होता. पण सहल कोणाची होती? माझ्या मते, वही जिच्या मांडीवर होती तिची.

आपल्याकडे असं का होत नाही?

असल्या फिरत्या घरासाठी आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये ‘कॅराव्हॅन पर्यटन धोरण’ आणलं. छान आहे. पण खापरसारख्या गावातल्या बाईने त्याची वाट बघत बसावं असं मला वाटत नाही. एक तर भाडं आपल्या आवाक्यातलं नाही. आणि दुसरं म्हणजे, नीट विचार करा, घर चाकांवर ठेवलं की चूलही चाकांवर आलीच की! त्या व्हिडिओतही कांदा कोण चिरत होतं? तीच! वाळवंटाच्या मधोमध, समोर एवढा सूर्य मावळतोय, आणि बाई फोडणी घालतेय. मला नको बाई असलं घर. मला दोन दिवस घर मागे सोडून जायचंय. घरातला फक्त संडास तेवढा बरोबर मिळाला असता तर बरं झालं असतं!

आमचं खापर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं गाव. रात्रंदिवस घरासमोरून ट्रक जातात, गुजरातची पाटी, मध्य प्रदेशची पाटी. लग्न होऊन आले तेव्हापासून या रस्त्याचा आवाज ऐकत झोपते. पण या रस्त्याने आपणहून, आपल्या मनाने, नुसतं काहीतरी बघायला म्हणून मी किती वेळा गेले? मोजायला बसले तर एका हाताची बोटंही उरली. गेले ती लग्नाला, दहाव्याला, बाळंतिणीला, दवाखान्यात आणि देवाला. देवमोगऱ्याच्या यात्रेला आपल्याकडच्या बाया किती उत्साहाने जातात! तेव्हा कोणी अडवत नाही. अडवूही नये. पण देवाचं नाव न घेता, नुसतं ‘मला ते बघायचंय’ असं म्हटलं की घरात सगळे वर बघतात. ‘बघायचंय? कशाला?’

आणि एक गोष्ट सांगते, ती मनाला लागते. आपल्याच अक्कलकुवा-धडगावकडच्या कितीतरी बाया दरवर्षी मजुरीसाठी गुजरातेत जातात. ट्रकमध्ये, टेम्पोत, कडेवर पोर, डोक्यावर भांडी, रात्रीच्या वेळी. त्यांना कोणी म्हणतं का, ‘बाईमाणसाने एवढ्या लांब जाऊ नये, रस्ता चांगला नाही’? नाही म्हणत. म्हणजे बाईने कामासाठी कितीही लांब जावं, कशीही जावं. आनंदासाठी निघाली की मात्र रस्ता असुरक्षित होतो! रस्ता तोच असतो हो. बदलतं ते आपलं कारण.

म्हणून आम्ही नऊ जणींनी ठरवलं. भिशीच्या दिवशीच ठरलं. लेणी बघायला जायचं. आता लेणी म्हटलं की आधी अजिंठा-वेरूळ आठवतं. पण आपल्याकडून त्याहून जवळ, डोंगराच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघची लेणी आहेत, हे आमच्यातल्या आठ जणींना ठाऊकच नव्हतं. नववी शाळेत इतिहास शिकवते, तिनेच सांगितलं. विंध्याच्या उतारावर, बाघिनी नदीच्या काठी कोरलेली बौद्ध लेणी. साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. मूळची नऊ, त्यातली पाचच आज बऱ्या स्थितीत आहेत. खडक मऊ, म्हणून बाकीची ढासळली.

आमच्या या बाईंनी अजून एक गंमत सांगितली. तिथल्या दोन नंबरच्या लेण्यात, ज्याला लोक पांडव गुंफा म्हणतात, सुबंधू नावाच्या राजाचा ताम्रपट सापडला. त्यात त्याने या विहारासाठी एक गाव दान दिल्याचं लिहिलंय. कशाकशासाठी? पूजेची फुलं, तिथे राहणाऱ्या भिक्षूंचं अन्नवस्त्र आणि मोडकं-तुटकं दुरुस्त करायला. बघा, लेण्यांनासुद्धा तेल-मिठाचा हिशोब चुकला नाही! आधी व्यवस्था, मग ध्यानधारणा. आणि आपण मात्र सकाळी सहाला गाडीत बसतो आणि ‘बघू पुढचं पुढे’ म्हणतो.

चार नंबरच्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. अजिंठ्यासारखी चित्रं होती तिथे. हत्ती-घोड्यांची मिरवणूक, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका. आणि एका चित्रात एक बाई तोंडावर हात घेऊन दुःखात बसलेली आणि दुसरी तिची समजूत घालणारी. १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी तिथे जाऊन या चित्रांच्या नकला करून घेतल्या. चित्रं खराब होत चालली म्हणून १९८२ मध्ये त्यातली बरीचशी भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. म्हणजे बाघला जाऊन ती चित्रं शोधत बसलो तर हिरमोड होणार. हे आधी कळलं ते किती बरं झालं! आम्ही आता कोरीव खांब, काळोखातले स्तूप आणि ती जागा बघायला जाणार आहोत. त्या दोघी बायका कुठल्या भिंतीवर बसल्या होत्या तेवढं विचारणार आहोत.

आता वही. आमची वही दोनशे पानी, मुलाच्या गेल्या वर्षीच्या गणिताची, मागची पानं कोरी राहिलेली. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते, उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे दिवस कोणते. पावसाळ्यात नको, आणि होळीनंतरही नको. फाल्गुन उलटला की सातपुडा आणि निमाड दोन्ही तव्यासारखे तापतात, डोंगर बोडके होतात, सावली मिळत नाही. तेव्हा आपला हा मुलूखही वाळवंटाचा भाऊच. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस उत्तम. तुम्ही दुसरीकडची लेणी ठरवत असाल तर लक्षात ठेवा, अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. पोरांना घेऊन, दीडशे-दोनशे किलोमीटर जाऊन बंद फाटक बघणाऱ्या मंडळींची गोष्ट प्रत्येक गावात एक तरी असतेच!

दुसरं, रस्ता. खापर, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, मग खेतियाला मध्य प्रदेशात शिरायचं. पानसेमल, बडवाणी. बडवाणीच्या पुढे नर्मदा ओलांडायची, मग कुक्षी आणि बाघ. एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या घरात. घाट आहे, वळणं आहेत, म्हणून एका दिवसात जाऊन-येऊन करायचं नाही. बडवाणीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच बावनगजाला चौऱ्याऐंशी फुटी आदिनाथांची मूर्ती बघून परत. नर्मदा तर आपल्याच तालुक्याची नदी. तिच्या धरणाच्या पाण्यात आपल्याकडची मणिबेलीसारखी गावं गेली, तशी पलीकडची चिखल्दा, निसरपूरही गेली. पुलावर गाडी थांबवता येत नसली तरी हळू चालवायला सांगायचं, असं वहीत लिहून ठेवलंय.

तिसरं आणि माझ्या मते पहिलं, थांबे. आम्ही रस्त्याचे तुकडे लेण्यांवरून पाडले नाहीत, संडासांवरून पाडले. दर दीड तासाला एक थांबा. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ठेवणं हे तेल कंपन्यांच्या नियमातच आहे. किल्ली मागायला लाजायचं नाही. ‘बंद आहे’ म्हणाले तर मालकाला विचारायचं. एका मैत्रिणीचा भाऊ त्या बाजूला ट्रक घेऊन जातो, त्याच्याकडून कोणत्या पंपावर काय अवस्था ते विचारून घेतलं. बिचारा आधी गोंधळला, ‘ताई, हे कधी पाहिलंच नाही.’ पुढच्या खेपेला मात्र पाहून आला आणि चक्क यादी दिली! जिथे काहीच नाही तिथे दोन जुनी लुगडी आणि चार काठ्या, आडोसा करायला. हसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जाड अक्षरात : ‘पाणी पिणे सक्तीचे.’ सोबत साबण, जुने कागद, कचऱ्याला पिशवी, पाळीचं सामान. कोणाची तारीख आहे नाही ते न बघता सगळ्यांसाठी.

चौथं, गाडी आणि पैसा. गाडी ठरवताना नुसतं ‘किती घेणार’ असं विचारू नका. किलोमीटरचा भाव काय, ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, टोल कोणाकडे, रात्रीच्या मुक्कामाचं वेगळं आहे का, आणि दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना-कर कोण भरणार. ही पाच उत्तरं कागदावर घ्या. पैसे आम्ही भिशीतून बाजूला काढतोय, दर महिन्याला थोडे थोडे, दहा महिने. ज्यांना गाडी परवडत नाही त्यांनी एसटी सोडू नये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. फक्त ती सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपर्यंतच, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या बायकांनी लक्षात ठेवायचं. पण अजिंठ्याला जायला ती पुरते! घरकामाच्या पैशातून चोरून वाचवण्यापेक्षा ‘हे माझ्या सहलीचे’ असं म्हणून डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली बरी.

पाचवं, सुरक्षितता. मध्ये मध्ये रेंज नसते, म्हणून रस्त्याचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्यायचा आणि कागदावरही काढायचा. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं. ११२ नंबर सगळ्या देशात चालतो, तो सगळ्यांना पाठ हवा. बॅटरी दोन, कारण लेण्यांच्या आत काळोख असतो. घसरणार नाही अशी चप्पल. भिंतींना हात लावायचा नाही, आणि कुठे रंगाचा तुकडा राहिला असेल तर त्यावर फ्लॅश मारायचा नाही. आणि हो, खरेदीलाही अर्धा तास! बाघची छपाई प्रसिद्ध आहे. तुरटीपासून लाल आणि लोखंडाच्या गंजापासून काळा रंग. धावडीची फुलं घालून कापड उकळतात. धावडी आपल्या सातपुड्यातही आहेच की. एक एक ओढणी तरी घेऊच.

आता घरच्यांचं. तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण परवानगीचं काय? आम्ही यावेळी एक वेगळं केलं. ‘जाऊ का?’ असं कोणीच विचारलं नाही. वहीतलं पान फाडून, म्हणजे नक्कल करून, घरोघरी फ्रिजवर लावलं. तारखा, रस्ता, गाडीचा नंबर, मुक्कामाचा फोन, सोबत कोण कोण. ‘जाऊ का’ला ‘नको’ म्हणता येतं. एवढं सगळं लिहिलेल्या कागदाला ‘नको’ म्हणायला कारण द्यावं लागतं! माझ्या घरी दोन दिवस तो कागद येता-जाता वाचला गेला. तिसऱ्या दिवशी ‘खेतियाच्या पुढे रस्ता कसा आहे ते विचारलं का?’ असा प्रश्न आला. मी म्हटलं, ‘विचारलाय, पान उलटा.’

सगळ्यांचं असं सोपं होईल असं मी म्हणत नाही. आमच्यातल्या एकीच्या घरून अजून होकार नाही. एकीच्या मुलाची बारावी आहे. एकीचे कापसाचे दिवस आहेत. कोणाचे गुडघे, कोणाची साखर. गरिबी आहे, ती तर आहेच. नुसती वही लिहून हे सगळं सुटत नाही. पण मला एवढं कळलं की वही लिहायला लागल्यापासून आमचं बोलणं बदललंय. आधी ‘जमेल का गं’ म्हणायचो. आता ‘कोणत्या महिन्यात जमेल’ म्हणतो. जिची अडचण आहे तिच्यासाठी तारीख हलवतो, तिचं नाव खोडत नाही.

आणि एक सांगते. पुरुषांनी आखलेली सहल वाईट असते असं माझं म्हणणं नाही. बिचारे प्रेमाने नेतात, खर्च करतात. पण जो आखतो तो स्वतःच्या शरीराने आखतो. त्याला दर दीड तासाला थांबायची गरज वाटत नाही, म्हणून थांबा नसतो. यात दुष्टपणा नाही. फक्त त्या आखणीत आपण नसतो. म्हणून पेन आपल्या हातात घ्यायचं. पुढच्या वेळी घरची सगळी मिळून सहल निघेल तेव्हाही आमचीच वही पुढे असणार, हे मी जाहीर करून टाकलंय.

परवा रात्री मी वहीत नावं लिहीत होते. माझ्या सासूबाई, सत्तरीच्या जवळ आल्यात, पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. एकदम म्हणाल्या, ‘मनं बी नाव लिखी ले, पोरी.’

मी म्हटलं, ‘आत्याबाई, लांब आहे. पायऱ्या असतील, चढावं लागेल.’

त्या म्हणाल्या, पायऱ्या नाही चढले तर खाली बसेन, नदी बघेन. मग थोडं थांबून म्हणाल्या, की आजवर एवढ्या गाड्यांत बसले, देवाला गेले, लग्नांना गेले, पण दर वेळी मागच्या सीटवर, मांडीवर कोणाचं तरी पोर. गाडी कुठून कुठे गेली ते कधी दिसलंच नाही. यावेळी मला पुढे बसायचं आहे, ड्रायव्हरच्या शेजारी. रस्ता बघायचाय.

मी नाव लिहिलं. आता आम्ही दहा जणी झालो. आणि नावापुढे कंसात लिहिलं, ‘पुढची सीट’.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मुलाची जुनी वही असेलच. मागची चार पानं कोरीही असतील. आज रात्री जेवणं झाल्यावर काढा. लेणी असोत, किल्ला असो, नाहीतर शेजारच्या तालुक्यातलं धरण असो. वर नाव लिहा, खाली रस्ता लिहा. आणि पहिला थांबा कुठे ते आधी लिहा!